आशाताईची घरभेट : मेडिकल चालवणाऱ्या एका बाळंतिणीचा अभिप्राय

हा अभिप्राय कुठल्या दुकानाचा किंवा दवाखान्याचा नाही. बाळंतपण झाल्यावर आशा स्वयंसेविका घरी येऊन बाळ-बाळंतिणीला बघून जाते, त्या सरकारी घरभेटींचा आहे. पाळण्यापासून ब्रेस्ट पंपापर्यंत सगळ्याचे रिव्ह्यू वाचायला मिळतात. या भेटींबद्दल मात्र गरोदरपणात शोधूनही मला कुण्या आईनं लिहिलेलं काही सापडलं नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी माझ्याबद्दल थोडं, म्हणजे कोण बोलतंय ते कळेल. माझं डी.फार्म. झालंय. लातूर-अंबाजोगाई रस्त्याला लागून बाजाराचं एक गाव आहे, तिथं माझं स्वतःचं मेडिकल आहे आणि गल्ल्यावर मीच बसते. लेकरांच्या दुधाचे डबे, बाटल्या, निपल, सगळं माझ्या पाठीमागच्या फळीवर असतं. माहेर धारूर तालुक्यातलं, बालाघाटाच्या डोंगरातलं. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आमच्याकडं रीत आहे. त्याप्रमाणं सातव्या महिन्यात ओटी भरून मी माहेरी आले आणि गणपती उठल्यावर शहरातल्या एका खासगी दवाखान्यात सिझर झालं. मुलगी झाली, वजन २ किलो ८००.

दवाखान्यात स्वच्छता होती, डॉक्टर हुशार होते, टाके नीट भरले. दुधाच्या बाबतीत मात्र तिथं मला कुणी वाली नव्हता. मला खोलीत आणलं तोवर "बाळ रडतंय, डबा घेऊन या" अशी चिठ्ठी माझ्या भावाच्या हातात पडली होती. बाळाला पहिल्या तासाभरात अंगावर घ्यायचं, सिझर असलं तरी घ्यायचं, हे मला माहीत होतं. पण पोटावर ताजे टाके, हाताला सलाईन, कूस बदलायची तरी दुसऱ्याचा आधार लागतो, अशा वेळी नुसतं माहीत असून भागत नाही. कुणीतरी लेकरू उचलून, नीट धरून छातीशी लावून द्यावं लागतं. ते झालं नाही. पहिल्या दिवशी लेकराचं पोट चमचा-दीड चमच्यात भरतं, चीक थेंबाथेंबानंच येतो आणि तेवढाच त्याला पुरतो, हे माझ्या आईला समजावून सांगायलाही कुणी थांबलं नाही. आई घाबरली. दुसऱ्या दिवशी बाटली आली. घरी निघताना औषधांच्या पिशवीत डबा होता आणि डिस्चार्जच्या कागदावर 'वरचं दूध चालू' असं लिहिलेलं होतं.

हे माझ्या एकटीचं दुखणं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाल्याची नोंद आहे, आणि पहिल्या तासात आईच्या अंगावर प्यायलेली लेकरं फक्त ४१.८ टक्के. बाई दवाखान्यापर्यंत पोचली, पण लेकरू छातीपर्यंत पोचलं नाही. घरभेटी कशासाठी लागतात, ते या दोन आकड्यांवरून कळतं.

आता सेवेकडं येते. तिचं सरकारी नाव 'गृहाधारित नवजात बालक काळजी'. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशा तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. घरीच बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवशीही येते. सिझरवाली बाई तिसऱ्या दिवशी दवाखान्यातच असते, त्यामुळं तिच्या भेटी सातव्या दिवसापासून धरतात. तुम्हाला एक रुपयाही द्यावा लागत नाही. सरकारी दवाखान्यात बाळंत झाल्या का खासगीत, असाही भेद नाही. माझ्या ओळखीतल्या शिकलेल्या बायकांनाच हे माहीत नसतं. "आपण खासगीत केलं, आपल्याकडं कशाला येतील" असं त्या धरून चालतात.

ही पद्धत आपल्याच राज्यात उभी राहिलेली आहे, याचा मला फार अभिमान आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गडचिरोलीतल्या ३९ गावांत गावातल्याच बायांना शिकवून तयार केलं. त्या बाया घरोघर जाऊन बाळाचं वजन करायच्या, श्वास मोजायच्या, दूध पाजायला शिकवायच्या, जंतुसंसर्ग ओळखून उपचार करायच्या. ज्या गावांत हे काम नव्हतं त्यांच्याशी ताडून पाहिलं तेव्हा नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. १९९९ मध्ये हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पुढं २०११ मध्ये केंद्र सरकारनं आशांमार्फत ही पद्धत देशभर नेली. ज्या भेटीला आपण "आशा आली, कागद भरून गेली" म्हणून सोडून देतो, तिच्यामागं एवढं काम आहे.

माझ्या माहेरची आशा गावच्या नात्यानं माझी वहिनी लागते. दहावी झालेली, दोन लेकरांची आई. सातव्या दिवशी सकाळी ती आली तेव्हा घरात माणसं भरलेली होती. पाचवी नुकतीच होऊन गेलेली, मावश्या-आत्या मुक्कामाला होत्या. तिनं आल्या आल्या बाळाला हात लावला नाही. न्हाणीत जाऊन साबणानं कोपरापर्यंत हात धुतले आणि पदराला न पुसता तसेच वाळू दिले. मग खोलीतली गर्दी बाहेर काढली. माझी आई तेवढी आत ठेवली.

थर्मामीटर बाळाच्या काखेत धरला. झबलं वर करून, घड्याळ समोर ठेवून, पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल मोजली. शांत बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त भरले तर तो धोका. तळहात-तळपाय पिवळे दिसतात का, ते बाळाला दाराच्या उजेडात नेऊन बघितलं. नाळेला आईनं हळद आणि खोबरेल तेल लावलं होतं. ते कोरड्या कापडानं टिपून काढलं आणि "काकू, हिला काही लावू नका, आपोआप वाळून गळंल" एवढंच बोलली. मग झोळीच्या काट्यात घालून वजन केलं. लेकरू झोळीत लोंबकळताना बघून आईचा जीव खालीवर झाला, पण वहिनीचा दुसरा हात पूर्ण वेळ झोळीच्या खालीच होता. काटा २ किलो ६०० वर थांबला.

"पहिले काही दिवस वजन उतरतंच ताई, त्याची काळजी नाही. पण आता ते वर चढायला लागायला पाहिजे. आता पाजा, मी बघते."

ती बाजेशेजारी खाली बसली आणि पूर्ण पाजणं होईस्तोवर हलली नाही. या सेवेचं सगळं मोल मला याच गोष्टीत वाटतं. दवाखान्यात मला "पाजा, पाजा" सगळ्यांनी सांगितलं, पण मी पाजते कशी ते एकदाही कुणी बघितलं नव्हतं. तिनं बघितलं आणि दोन मिनिटांत खोट हाती लागली. मी वाकून स्तन बाळाच्या तोंडात कोंबत होते. बाळाच्या तोंडात नुसतं बोंड जात होतं. म्हणून मला चिरा पडल्या होत्या, दर वेळी डोळ्यांत पाणी यायचं, आणि बाळ चोखून चोखून दमून झोपायचं. पोट मात्र रिकामंच.

तिनं माझ्या पाठीमागं वाकळेची घडी लावली. टाक्यांवर भार नको म्हणून बाळाला मांडीवर न घेता काखेतून आडवं धरायला लावलं, बाळाचे पाय माझ्या पाठीकडं आणि डोकं माझ्या तळहातावर. बाळाचं नाक बोंडासमोर आणलं. "आता घाई करू नका. ती जांभई देती तेवढं तोंड उघडू द्या. उघडलं की लेकरू छातीवर आणा, छाती लेकराकडं न्यायची नाही." तिसऱ्या-चौथ्यांदा जमलं. हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, बोंडाभोवतीचा काळा भाग वरून जास्त दिसतोय आणि खालून जवळजवळ दिसतच नाही. या खुणा तिनं माझ्या आईला बोट दाखवून दाखवल्या. पहिले काही क्षण ओढ लागली, मग दुखायचं थांबलं. थोड्या वेळानं घोट गिळल्याचा आवाज यायला लागला. तो आवाज घरी आल्यापासून आम्ही कुणी ऐकला नव्हता. आईनं तिथंच हात जोडले.

बाटलीबद्दल ती स्पष्ट बोलली. बाटलीचं निपल चोखायची तऱ्हा वेगळी, छातीची वेगळी. लेकरू सोपी तऱ्हा धरतं आणि छाती सोडतं. बाटली त्याच दिवशी उचलून ठेवली. वजन भरून येईपर्यंत प्रत्येक पाजण्यानंतर हातानं दूध काढून ते वाटी-चमच्यानं द्यायचं ठरलं. दूध हातानं कसं काढायचं तेही तिनं दाखवलं. अंगठा आणि बोटं काळ्या भागाच्या कडेला ठेवायची, आधी छातीच्या फासळ्यांकडं दाबायचं, मग बोटं एकमेकांकडं आणायची, कातडीवर घासायची नाहीत. मी दुकानात हजार-दोन हजारांचे पंप विकते. हाताची ही रीत मला तोवर कुणी दाखवलेली नव्हती. उकळलेल्या स्टीलच्या वाटीत थोडंसं घट्ट, पिवळसर दूध जमा झालं आणि माझं मलाच आलेलं रडू थांबेना.

बायकांच्या मनातली मोठी शंका म्हणजे "पुरतंय का नाही, कसं कळायचं?" तिनं आईला दोरीकडं बघायला सांगितलं. दिवसरात्रीत सहा किंवा जास्त लंगोट लघवीनं ओले झाले तर लेकराला पुरतंय. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजायचं, रात्रीचं तर मुळीच चुकवायचं नाही, कारण दूध तयार करणारं संप्रेरक रात्री जास्त असतं. हे शेवटचं तिनं "रात्री पाजलं की दिवसाचं दूध वाढतं" अशा शब्दांत सांगितलं. फार्मसीला मी हेच चार ओळींत शिकले होते, पण माझ्या आईला पटलं ते वहिनीचं एका ओळीतलं.

आईशी ती ज्या पद्धतीनं बोलली, ते खास सांगण्यासारखं आहे. आमच्याकडं मधाचं बोट चाटवतात, गुटी उगाळतात, बाळंतिणीला डाळ-शेंगदाणे वातूळ म्हणून बंद करतात. वहिनीनं यातल्या कशालाही नावं ठेवली नाहीत. "काकू, गुटीची सहाण सहा महिने ठेवून द्या. लेकराला तिच्या आईचं दूध, आणि लेकीला खाऊ घालायचं काम तुमचं." मग बाजरीची भाकरी, शेपू, मेथी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, सगळं चालू द्या म्हणाली आणि वरण-उसळही ताटात परत आणायला लावली. बाळंतिणीला आधीपेक्षा जास्त लागतं, कमी नाही. त्या दिवसापासून आई या कामात तिची जोडीदार झाली. शेजारच्या कुणी "दूध कमी दिसतंय" म्हटलं की आईच तिला दोरीवरचे लंगोट दाखवायची.

चौदाव्या दिवशी वजन जन्माच्या वजनाला येऊन टेकलं. एकविसाव्या दिवशी तीन किलोच्या वर गेलं. वाटी-चमचाही बंद झाला. पुढच्या भेटी लवकर उरकल्या: लस, जन्मनोंद, माझे टाके, आणि पहिल्या बाळंतपणाला मातृ वंदना योजनेचे ५ हजार मिळतात त्याचा अर्ज. डबा अर्धा शिल्लक राहिला, तो भावानं उकिरड्यावर टाकला.

आता गल्ल्यावरचं सांगते, कारण तिथून जे दिसतं ते दवाखान्यातून दिसत नाही.

डबा मागायला बहुतेक वेळा बाळाचा बाप येतो, नाहीतर आजी. हातात चिठ्ठी असतेच असं नाही. "दूध पुरंना, डबा द्या." मी विचारते, बाळ केवढंय? उत्तर ठरलेलं: आठवड्याचं, नाहीतर दोन-अडीच महिन्यांचं. काही बाळांना वरचं दूध खरंच लागतं. आई अत्यवस्थ असते, कधी आईच राहिलेली नसते, कधी डॉक्टरांनी विचार करून लिहिलेलं असतं. त्यांच्यासाठी डबा असलाच पाहिजे आणि त्या घरांना कुणी बोल लावू नये. बाकीची बहुतेक घरं मात्र घाबरून आलेली असतात. लेकरू संध्याकाळी किरकिर करतं, छाती आधीसारखी भरून दगड होत नाही, म्हणजे दूध आटलं, असा समज. खरं तर महिना-दीड महिन्यानं मागणीप्रमाणं दूध तयार होणं बसतं, म्हणून छाती मऊ लागते. हे सांगायला तेव्हा घरात कुणी नसतं.

पैशाचा हिशेब मी प्रत्येकाला कागदावर करून दाखवते. महिना-दोन महिन्यांच्या बाळाला दिवसाला ६०० मिली धरा. दर ३० मिलीला एक सपाट चमचा, म्हणजे दिवसाला साधारण ९० ग्रॅम पावडर. चारशे ग्रॅमचा डबा चार-पाच दिवसांत संपतो. महिन्याला सहा-सात डबे. खुरपायला जाणाऱ्या बाईची निम्म्याहून जास्त मजुरी त्यात जाते. मग काय होतं ते मी पाहिलंय. डबा पंधरा दिवस पुरवायचा म्हणून चमचा तोच ठेवतात आणि पाणी वाढवतात. लेकरू पाणी पिऊन फुगल्यासारखं दिसतं, पण वजन हलत नाही.

पाण्याची गोष्ट तर मराठवाड्यात वेगळी सांगायला नको. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून लातूरला प्यायला दिलं, ते आमच्या भागातली लेकरंसुद्धा विसरलेली नाहीत. आजही उन्हाळ्यात कित्येक गावांना टँकरच आहे. पावडर मुळात निर्जंतुक नसते. पाणी उकळून, ते ७० अंशांच्या खाली उतरायच्या आत त्यात कालवावी लागते आणि मग निववून द्यावी लागते. बाटली, निपल, झाकण दर वेळी उकळायचं. ज्या घरात दोन घागरी पाण्यात दिवस काढायचा, तिथं हे दिवसातून आठ वेळा कोण करणार? आईचं दूध या एका गोष्टीसाठी तरी आमच्या भागात पाण्याच्या योजनेइतकं महत्त्वाचं धरायला पाहिजे, असं माझं मत आहे.

माझ्या मुलीचा सहावा महिना उन्हाळ्याच्या तोंडावर आला. पारा चढायला लागलेला. "लेकराच्या जिवाला पाणी तरी लागतंय का नाही?" हे मी सासू, आत्या, गिऱ्हाईक, सगळ्यांकडून ऐकलं. सासरची आशा तेव्हा घरी येऊन सगळ्यांसमोर बोलली. आईच्या दुधात शंभरातले ८७-८८ भाग पाणीच असतं. ऊन वाढलं की लेकराला जास्त वेळा अंगावर घ्यायचं आणि पाणी आईनं प्यायचं. सहा महिने पाण्याचा थेंबही न देता मुलगी त्या उन्हातून सुखरूप निघाली.

कायद्याबद्दलही बोलायला पाहिजे, कारण माझा धंदा त्यात येतो. १९९२ चा बालदुग्धपर्यायी पदार्थांचा, म्हणजे आईच्या दुधाऐवजी द्यायच्या डब्या-बाटल्यांचा कायदा आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. दोन वर्षांपर्यंतच्या बाळाच्या अशा अन्नाची जाहिरात करायची नाही, फुकट नमुने वाटायचे नाहीत, डॉक्टर-नर्सना भेटवस्तू द्यायच्या नाहीत, डब्यावर बाळाचं चित्र छापायचं नाही, आणि आईचं दूध सर्वोत्तम आहे ही सूचना डब्यावर ठळक असली पाहिजे. कायदा चांगला आहे. पण तो फक्त डब्याला आवरतो. पाजायला शिकवणारं माणूस कायद्यातून मिळत नाही. ते काम घरभेटीतून होतं, आणि दोन्ही एकमेकांशिवाय अपुरे आहेत.

आता उणिवा. आमच्या दोन्ही आशांनी जीव ओतून काम केलं, तेव्हा यातली एकही उणीव त्यांच्यावर नाही. सगळ्या आखणीतल्या आहेत.

या सगळ्या भेटींचे मिळून आशेला २५० रुपये मिळतात. म्हणजे एका भेटीला ४०-४२ रुपये. तेही सगळ्या भेटी झाल्या, वजनाची नोंद झाली, जन्मनोंद झाली, लशी झाल्या आणि बेचाळिसाव्या दिवसापर्यंत आई-बाळ सुखरूप असले तर. माझ्याजवळ ती एका बैठकीला तास-दीड तास बसली. शहरात दूध पाजायला शिकवणाऱ्या सल्लागाराची एका वेळची फी याच्या कितीतरी पट असते. हे मला मनापासून अन्यायाचं वाटतं. शिवाय तिच्या अंगावर सर्व्हे, कार्डं, मोहिमा, ऑनलाइन नोंदी इतक्या आहेत की निवांत बसून पाजणं बघणं हेच पहिलं गळून पडायची भीती आहे. जी आशा दहा मिनिटांत उठून जाते, तिला दोष द्यायच्या आधी तिची वही बघावी.

दुसरी उणीव मधल्या रिकाम्या काळाची. बेचाळिसाव्या दिवसानंतर पुढची ठरलेली भेट थेट तिसऱ्या महिन्यात. मग सहा, नऊ, बारा, पंधरा. माझ्या गल्ल्यावर डबा मागायला येणाऱ्यांचा दुसरा लोंढा नेमका या मधल्या काळातला आहे. दोन महिन्यांच्या आसपास एक भेट, निदान एक फोन वाढवला तर कितीतरी लेकरं अंगावर टिकतील.

झोळीच्या काट्यात बारीक फरक कळत नाही. ज्या बाळाचं वजन अडलंय, त्याला शे-पन्नास ग्रॅमचा फरकही महत्त्वाचा असतो. प्रत्येक आशेकडं चांगला डिजिटल काटा आणि त्याचे सेल वेळेवर असायला पाहिजेत.

आणि सगळ्यात मोठी उणीव मी माहेरीच पाहिली. आमच्या गल्लीत माझ्या मागं-पुढंच एक पोरगी बाळंत झाली. वहिनी तिच्याकडंही जात होती, दूध चांगलं लागलं होतं. दिवाळी झाली आणि टोळी निघाली. उसाच्या तोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाकडून उचल दोघांच्या नावानं घेतलेली, ती तिच्या गरोदरपणातच दवाखान्यात खर्च झालेली. ती मागं राहिली तर कोयता मोडतो. महिन्याचंही न झालेलं लेकरू घेऊन ती ट्रॅक्टरवर बसली. राहिलेल्या भेटी वहिनीच्या वहीत कोऱ्या राहिल्या. कारखान्यावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, तिच्याकडं कोणत्या गावची आशा जाणार? पहाटे फडात उतरायचं, खाडा झाला तर पैसे कापायचे, लेकरू उसाच्या सावलीला झोळीत. दोन तासांनी पाजायला जा म्हणून तिला कोण सोडणार? बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनं नोकरदार बाईला २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली, त्याचा मला आनंदच आहे. पण बीड जिल्ह्यातल्या गावागावांतून ज्या बाया दरवर्षी तोडीला जातात, त्यांच्या नावाचं हजेरीपत्रकच कुठं नाही, तर रजा कुठून येणार? मार्चनंतर ती परत आली तेव्हा तिचं लेकरू बाटलीवर होतं. घरभेट गावाला बांधलेली आहे. ती बाळाला बांधली गेली पाहिजे. बाळ जिथं जाईल तिथल्या आशेकडं त्याचं नाव आपोआप जायला पाहिजे, आणि कारखान्याच्या तळावर हंगामभर एक आशा नेमली पाहिजे.

माझं स्वतःचं म्हणाल तर दुकानदारीला रजा नसते. तीन महिन्यांनी सासरी आले तेव्हा सासरच्या आशेच्या सल्ल्यानंच गल्ल्यामागं पडदा लावून एक खुर्ची आणि उशी ठेवली. मुलगी दिवसभर दुकानात असते. बाजाराच्या दिवशी गिऱ्हाइकातल्या बायाही तिथं बसून लेकरं पाजतात, आणि डबा मागायला आलेल्या आजीला मी आधी सुनेला घेऊन यायला सांगते.

गुण द्यायचे तर आशाताईंच्या कामाला पाचपैकी पाच. सरकारी आखणीला तीन.

ज्यांना ही सेवा घ्यायची त्यांच्यासाठी: बाळंतपणाला माहेरी जाणार असाल तर सासरच्या आणि माहेरच्या, दोन्ही आशांना आधीच कळवा. नाहीतर तुमचं नाव सासरच्या यादीत राहतं आणि माहेरी कुणी येत नाही. खासगी दवाखान्यात बाळंत झालात तर घरी पोचायच्या दिवशीच फोन करा. आशा कोण आहे ते माहीत नसेल तर अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात विचारा, लगेच सांगतात. माता-बाल संरक्षण कार्ड हाताशी ठेवा. आणि ती आली की बाळाला नुकतंच पाजून झोपवून ठेवू नका. भुकेलं असू द्या, म्हणजे तिला तुमचं पाजणं बघता येईल. ती स्वतःहून म्हणाली नाही तर तुम्ही म्हणा, "वहिनी, जरा बसा, मी पाजते, तुम्ही बघा."